हजेरी कोणाची बुडाली?

नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण बांधकामावरच्या मुलांना आठ वर्षं शिकवलंत एवढं सांगितलंत. मला तेवढी ओळख पुरे आहे. माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया येऊन बारा दिवस झाले. पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर नुसतं स्वतःची बाजू सावरणारं होतं, ते पुसून टाकलं. म्हणून उशीर झाला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या पुढे, केसनंद रस्त्यावरून आत गेलं की एका मोठ्या गृहप्रकल्पाचा लेबर कॅम्प होता. पत्र्याच्या दीडएकशे खोल्या. माणसं बंगाल, झारखंड, छत्तीसगड, बिहारची आणि थोडी आपल्या नांदेड-लातूरकडची. आम्ही चौघांनी तिथे अकरा महिने काम केलं. राहणाऱ्यांबरोबर बसून कॅम्पचा नकाशा काढला, गल्ल्यांना त्यांनी ठरवलेली नावं दिली, पाट्या रंगवल्या. नंतर शहरात त्याचं प्रदर्शन केलं. मागच्या महिन्यात मी त्याबद्दल लिहिलं आणि न्यूयॉर्कमधल्या एका प्रकल्पाचा दाखला दिला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. प्रदर्शनात भिंतीभर मजुरांचे फोटो होते, मजूर मात्र नव्हते. पाटी रंगवण्यात ज्यांचा अर्धा दिवस गेला त्यांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कोणी भरून दिली? जिथे पाणी टँकरचं आणि संडास वीस खोल्यांमागे एक, तिथे गल्लीला नाव देऊन काय होणार? हे काम संस्थांचं आहे, कलाकारांनी हौस भागवायला गरिबांच्या वस्तीत शिरू नये. आणि अमेरिकेतले परदेशी स्थलांतरित कुठे, आपले मजूर कुठे. मोठी नावं घेऊन आपल्या कामाला वजन आणू नका.

प्रदर्शनाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तुम्हाला जे दिसलं नसेल तेही सांगते. दालनाची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात होती. साइटवर काम सकाळी आठला सुरू होतं, सहाला सुटतं आणि स्लॅबच्या दिवशी रात्र होते. म्हणजे वेळ छापली तेव्हाच कोण येणार आणि कोण नाही ते ठरून गेलं होतं. शेवटच्या रविवारी आम्ही गाडी केली, अठरा जण आले. दारावरच्या माणसाने पहिल्या तिघांना अडवून विचारलं, कोणाकडे काम आहे? त्यांचेच फोटो तिथून दहा फुटांवर लागलेले होते. मी आत चहाचं बघत होते. बाहेर आले तोवर त्यातला एक जण परत जाऊन गाडीत बसला होता. तो शेवटपर्यंत आत आला नाही. दालनाला दोष देऊन मला सुटता येणार नाही. आपल्या पाहुण्यांना दारात कोण काय विचारेल, याची काळजी यजमानाने घ्यायची असते.

आता हजेरी. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच शब्द मला सगळ्यांत जास्त लागला. पहिले चार महिने आम्ही कोणालाच काही दिलं नाही. रविवारी काम नसतं, लोक हौसेने येतात, अशी आमची समजूत. रविवार कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या कॅम्पवर ठेकेदार रविवारी दुपारी आठवड्याची खर्ची वाटायचा. मग बाजार, रिचार्ज, गावी पैसे पाठवणं, साठलेलं धुणं. आणि आम्ही नेमके दुपारी ब्रश घेऊन हजर! बायका कडेवर मूल घेऊन यायच्या, अर्धा तास टेकायच्या आणि उठून जायच्या. आम्ही वहीत लिहायचो, 'सहभाग कमी'. पाचव्या महिन्यात एका बाईने सरळ विचारलं, "दीदी, इसका हाजिरी लगेगा क्या?" त्या संध्याकाळी घरी येऊन ती वही उघडली, तर आमचंच अक्षर मला वाचवेना.

त्यानंतर मिळालेल्या निधीतून आम्ही हजेरी द्यायला लागलो. साइटवर बाईला ४५० रुपये होते, पुरुष बिगाऱ्याला ६००. आम्ही दोघांना ६०० ठेवले. त्यावरून मुकादमाशी जे झालं तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पहिल्या चार महिन्यांचे पैसे मात्र फार थोड्यांना पोचवता आले, कारण तोवर बरीच माणसं दुसऱ्या साइटवर किंवा गावी गेली होती. ते देणं अजून माझ्या अंगावर आहे.

पण पैसे दिले म्हणजे झालं, असंही मला म्हणता येत नाही. सान्तियागो सिएरा या स्पॅनिश कलाकाराने २००० साली बर्लिनमध्ये एक काम केलं. आश्रय मागणारी सहा चेचेन माणसं रोज चार तास पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसायची, असं सहा आठवडे. आश्रय मागणाऱ्यांना तिथे कमाई करायची परवानगी नव्हती, म्हणून मोबदला उघडपणे देता येत नव्हता. बघणाऱ्याला फक्त खोकी दिसत. कायदा या माणसांना कसं झाकून ठेवतो ते त्या कामाने उघड केलं, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी माझं मन त्या कामावर कधी बसलं नाही. हजेरी होती, पण त्या सहा जणांना तिथे बसण्यापलीकडे काही करायचंच नव्हतं. झाकलेली माणसं दाखवायला आणखी एकदा झाकली. आमचे भिंतभर लावलेले फोटो त्या खोक्यांपासून किती लांब होते, हा प्रश्न तुमच्या प्रतिक्रियेने माझ्यापुढे ठेवला. फार लांब नव्हते.

त्याच्या शेजारी मी मिर्ल लॅडरमन युकेलीस या अमेरिकन कलाकार बाईंना ठेवते. १९७९-८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ८,५०० सफाई कामगारांशी एकेकाला भेटून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. नुसतं वाचताना हे भाबडं वाटतं. पण त्या पहाटेच्या हजेरीला कामगारांच्या ठिकाणी जाऊन उभ्या राहायच्या, त्यांच्या पाळीप्रमाणे फिरायच्या. कोणाचा दिवस बुडवून कोणाला बोलावलं नाही. १९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या बिनपगारी कलाकार आहेत. एका खात्यात इतकी वर्षं पाय रोवून राहणं मला त्या हस्तांदोलनाहूनही मोठं वाटतं. आमच्या अकरा महिन्यांचा मला जो अभिमान वाटत होता, तो हे आठवलं की गळून जातो.

इथवर मी तुमच्याच बाजूने बोलले. 'हे काम संस्थांचं, तुम्ही निघा' हे मात्र मला मान्य नाही.

संस्थांचं मोल मी जाणते. पुण्यातच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे आणि कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात महापालिकेची मोहोर असलेलं ओळखपत्र तिच्यामुळे आलं. त्या कार्डाची जागा कुठलीही पाटी घेऊ शकत नाही. बांधकाम कामगाराची कल्याणकारी मंडळात नोंदणी व्हायची तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवायला ठेकेदाराच्या मागे लागणारा माणूस हवा, आणि ते काम चित्रकाराला जमत नाही. आम्ही दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हात हलवत परत आलो.

पण पाट्यांची कल्पना मुळात आमची नव्हती हे मी लेखात नीट लिहिलं नाही, ती माझी चूक. आम्ही गेलो होतो कॅम्पच्या पत्र्यांवर चित्रं काढायला. दुसऱ्या महिन्यात एका रात्री एका बाईला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका बोलावली, पण फोन करणाऱ्याला पत्ता सांगता येईना. मोठ्या इमारतीच्या मागे, एवढंच. त्या भागात सगळ्याच इमारती मोठ्या आणि सगळ्यांच्याच मागे पत्रे. शेवटी रिक्षातून नेलं. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पुढच्या रविवारी तिच्या नवऱ्याने आमच्या हातातले रंग बघून विचारलं, यहाँ का पता लिख सकते हैं क्या? सगळं काम तिथून सुरू झालं.

मग प्रश्न आला, लिहायचं काय? इथे मला वाटतं तुम्ही जरा घाई केलीत. आपल्या शहरात नाव कोण ठेवतं ते बघा. सदाशिव, नारायण, नाना या पेठांना पेशवाईतल्या थोरांची नावं. वडारवाडी तिथे राहणाऱ्यांच्या जातीवरून, दांडेकर पूल पुलावरून, पाटील इस्टेट जागेच्या मालकावरून. वस्तीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसालाही तू जिथे राहतोस त्या जागेला काय म्हणू, असं कोणी विचारलेलं नसतं. इथे सहा महिन्यांसाठी आलेल्यांना ते विचारलं गेलं आणि त्यावर तीन रविवार वाद झाला. आम्हाला वाटलं होतं लोक आपापल्या गावांची नावं देतील. एकानेही दिलं नाही. पाण्याचा टँकर थांबतो तो टँकर चौक. जिथे रात्रपाळीची माणसं दिवसा झोपतात ती चुप गल्ली, आणि त्या पाटीखाली मुलांसाठी ओरडू नये अशी सूचना बंगालीत आणि हिंदीत. पाटी किती उंच लावायची यावरही चर्चा झाली. आम्ही डोळ्यांच्या उंचीवर म्हणत होतो. गवंडीकाम करणारा एक जण म्हणाला, पत्र्याच्या कडेला लावा, रुग्णवाहिकेच्या दिव्याचा उजेड तिथे पडेल. चित्रकलेचं शिक्षण मी घेतलंय, पण ही नजर त्याची होती.

चौथ्या गल्लीने एका माणसाचं नाव सुचवलं. तो झारखंडचा, आदल्या वर्षी परांचीवरून पडून गेलेला. नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पाटी लागली आणि आठव्या दिवशी सुपरवायझरने ती उतरवायला लावली. बाकीच्या पाट्या राहू दिल्या. गल्लीतली माणसं मात्र कॅम्प उठेपर्यंत तेच नाव घेत होती. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीतही ते चढलं होतं. तुम्ही विचारता गल्लीला नाव देऊन काय होतं. नुसत्या रंगाच्या पाटीची भीती का वाटावी, हे तुम्हीही त्या सुपरवायझरच्या बाजूने क्षणभर पाहा. पाण्याच्या, शौचालयाच्या, लसीकरणाच्या कुठल्याही अर्जात 'इथे कोण गेलं' असा रकाना नसतो. तो रकाना लोकांनी स्वतः आखला. त्यांना तेव्हा रंग, पत्रा आणि ऐकून घेणारं माणूस हवं होतं.

आणि ती उतरवलेली पाटी आम्ही प्रदर्शनात लावली, न विचारता. सगळ्यांत जास्त फोटो तिचेच निघाले. तुमच्या प्रतिक्रियेत हा मुद्दा नव्हता, कारण तुम्हाला तो माहीत असायचं कारण नव्हतं. पण तुम्ही जो आरोप करता त्याचा सगळ्यांत सज्जड पुरावा हाच आहे आणि तो लपवून तुम्हाला उत्तर देणं मला जमलं नसतं.

न्यूयॉर्कबद्दल. तिथला आणि इथला फरक तुम्ही दाखवलात तो बरोबर आहे. तिथल्या क्वीन्स भागातल्या, कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसाला उचलून देशाबाहेर टाकता येतं. आपला मजूर याच देशाचा नागरिक आहे. पण बंगालमधल्या मालद्याच्या माणसाला इथे तोंड उघडलं की आधी आधारकार्ड दाखवावं लागतं, आणि त्याचं मत गावच्या पत्त्याला बांधलेलं असतं. म्हणून मला ते उदाहरण दूरचं वाटलं नाही. क्यूबात जन्मलेल्या कलाकार तानिया ब्रुगेरा यांनी २०११ साली क्वीन्सच्या कोरोना भागात, रूझवेल्ट अव्हेन्यूवर एक जागा उघडली. मागे क्वीन्स म्युझियम आणि क्रिएटिव्ह टाइम या संस्था होत्या. इंग्रजीचे वर्ग, कायद्याचा सल्ला, नाच-गाण्याचे वर्ग, सगळं त्या एका दुकानवजा जागेत. कलेचा उपयोग झाला पाहिजे असं त्या म्हणतात. त्या स्वतः वर्षभर स्थलांतरितांबरोबर एका घरात राहिल्या. त्याचं जे कौतुक होतं ते मला फारसं पटत नाही, कारण परत जाण्याची वाट ज्याला मोकळी आहे त्याचं तिथे राहणं वेगळंच असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. ब्रुगेरा बाजूला झाल्या, आणि वर्गांना येणाऱ्या लोकांनीच पुढे ते केंद्र 'सेन्त्रो कोरोना' या नावाने चालवलं. म्युझियमच्या पगारपत्रकावर चित्रांचे जाणकार होते तसे वस्तीत फिरणारे संघटकही होते, म्हणून कलाकार गेल्यावर धागा तुटला नाही. मी लेखात ब्रुगेरांचं नाव मोठं लिहिलं आणि या पगारी संघटकांबद्दल एक ओळही लिहिली नाही. आमच्यापाशी काय नव्हतं ते तिथेच दिसलं असतं.

आमचा कॅम्प तर उठलाच. इमारतींचे ताबे दिले गेले, मे महिन्यात पत्रे निघाले, नकाशातल्या जागी आता पार्किंग आहे. चुप गल्लीची पाटी कोणीतरी बरोबर नेली. कुठे लागली असेल ठाऊक नाही. टँकर चौकाची मोशीतल्या एका साइटवर दिसल्याचा फोन आला होता, अजून जाऊन बघितलं नाही.

ती चौथी पाटी माझ्या घरी आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्या माणसाचा मेहुणा चाकणला काम करतो, त्याच्याशी दोनदा बोलणं झालं. त्याला पाटी हवी आहे की फक्त तिचा फोटो, हे त्याचं ठरत नाहीये. गावी नेली तर बहीण रोज बघेल, म्हणाला. घाई करायची नाही एवढं मी ठरवलंय. प्रदर्शनातले तिचे फोटो मी सगळीकडून काढले आहेत. दुसऱ्यांनी काढलेले आणि पसरवलेले माझ्या हातात नाहीत, पण ज्यांचे दिसले त्यांना एकेकाला लिहिते आहे.

वाघोलीपासून थोड्या अंतरावर दुसऱ्या एका कॅम्पवर बायकांनी बोलावलंय. या वेळी हजेरीचे पैसे आधी बाजूला काढले आहेत. त्यातून वस्तीतल्याच दोघींना महिन्याच्या पगारावर घ्यायचं आहे, आणि काय करायचं ते अजून कोणी ठरवलेलं नाही. तुम्हाला मुलांबरोबरचा आठ वर्षांचा अनुभव आहे, आम्हाला नाही. याल का? तिथे खर्ची शनिवारी मिळते, म्हणून आम्ही बुधवारी जातो, संध्याकाळी साडेसातनंतर, स्वयंपाक उरकल्यावर.