हो, पॉलिशनं क्लिअर कोट झिजतो. म्हणूनच ते मोजून करायचं

नमस्कार.

स्वर्ल मार्क्सवरच्या, म्हणजे गाडीच्या रंगावर उजेडात दिसणाऱ्या बारीक ओरखड्यांच्या जाळीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि चिडून लिहिलंत. त्याला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा: पॉलिश करणं म्हणजे कांदा सोलणं, दर वेळी एक पापुद्रा जातो, आणि लोकांना घरी मशीन हातात घ्यायला सांगून मी त्यांच्या गाड्यांचं नुकसान करतो आहे. तुमची आधीची चंदेरी गाडी दहा वर्षं रोजच्या ओल्या फडक्यावर छान राहिली, तिला मशीन कधी लागलं नाही. आताच्या काळ्या गाडीवर दोन वर्षांत जाळी दिसायला लागली, तेव्हा सर्व्हिसिंगला दिली असताना रबिंग-पॉलिश करून घेतलंत आणि अर्ध्या तासात गाडी चकाचक झाली. मग अख्खा रविवार का घालवायचा? नाहीच जमलं तर सिरॅमिक कोटिंग आहेच. आणि शेवटी आव्हान: ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर कुणीतरी किल्लीनं ओढलेला ओरखडा आहे, तो पॉलिशनं काढून दाखवा.

पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखडा म्हणजे खाच, आणि खाच घालवायची तर तिच्या आजूबाजूचा भाग तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, किंवा निदान तिच्या धारदार कडा बोथट कराव्या लागतात, म्हणजे त्या उजेडात चमकत नाहीत. दोन्हींत वरचा थर झिजतोच. कंपाउंडमध्ये, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशमध्ये, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात, ते त्यासाठीच. 'आमच्या पॉलिशनं ओरखडेही जातात आणि रंगालाही काही होत नाही' असं कुणी सांगितलं तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

पण कांदा सोलताना एकेक अख्खा पापुद्रा निघतो, तसं इथे होत नाही, आणि किती निघतं यावरच सगळं ठरतं. कारखान्यातून निघालेल्या आजच्या गाडीवर पत्र्याच्या वरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. तळाला गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर बिनरंगी क्लिअर कोट, ज्याला गॅरेजात नुसतं लॅकर म्हणतात. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. रोजच्या पुसण्यानं पडलेली जाळी या थराच्या अगदी वरच्या भागात असते. मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश यांची एक फेरी एखादा मायक्रॉन घेते. कंपाउंड आणि कडक पॅड घेतलं की तीन-चार मायक्रॉन सहज जातात. लोकरी पॅड लावलेलं रोटरी मशीन अननुभवी हातात असेल तर याहून बरंच जास्त.

गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. त्यात अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं असतात. तो फार पातळ झाला की ऊन खालच्या रंगापर्यंत पोचतं, दोन थरांमधली पकड सुटते आणि काही वर्षांनी टपावर, बॉनेटवर पांढरट चट्टे येऊन साली निघायला लागतात. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या टपावर तुम्ही हे पाहिलं असेल. तिथे पॉलिश काही करू शकत नाही, पॅनल पुन्हा पेंट करावं लागतं. तुमची काळजी रास्त आहे आणि माझीही तीच आहे. फक्त तुम्ही ती चुकीच्या माणसाबद्दल करता आहात असं मला वाटतं.

कारण अर्ध्या तासाचं ते रबिंग पाहा. अर्ध्या तासात अख्ख्या गाडीवर खरंखुरं करेक्शन, म्हणजे ओरखडे घासून काढणं, होऊच शकत नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा एक चौकोन नीट करायचा तर तीन-चार मिनिटं जातात, आणि असे कितीतरी चौकोन एका गाडीवर बसतात. मग अर्ध्या तासात झालं काय? बहुधा दोन गोष्टी. एक तर तेल, वॅक्स आणि फिलर असलेलं पॉलिश खाचांमध्ये बसलं, म्हणून त्या दिसेनाशा झाल्या. चार-सहा वेळा शॅम्पूनं धुतलं की ते निघून जातं आणि जाळी पुन्हा जागेवर. दुसरं म्हणजे रोटरी मशीन भरभर फिरवलं गेलं, त्यानं जुने ओरखडे थोडे कमी केले आणि स्वतःच्या नव्या खुणा सोडल्या. उन्हात गाडीभोवती चाललात तर त्या खुणा लांब, सरकणाऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. डिटेलिंगवाले त्यांना होलोग्राम म्हणतात. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली त्या दिसत नाहीत, म्हणून ताबा घेताना गाडी झकास वाटते.

खात्री करायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. गाडी धुतलेली आणि पत्रा थंड असू द्या. बॉनेटचा वितभर भाग स्वच्छ मायक्रोफायबरनं या मिश्रणानं हलकेच पुसा आणि टॉर्च मारून शेजारच्या भागाशी ताडून बघा. जाळी पुन्हा दिसली तर पैसे झाकण्याचे गेले.

आणि हे दर सर्व्हिसिंगला होतं, ही माझी खरी हरकत आहे. समजा दर वर्षी एकदा रबिंग, दर वेळी ३ मायक्रॉन. आठ वर्षांत २४ मायक्रॉन. ४० मायक्रॉनच्या क्लिअर कोटमधला अर्ध्याहून जास्त भाग गेला, आणि गाडी उन्हात कधीच स्वच्छ दिसली नाही. उलट एकदाच, शांतपणे, लागेल तेवढंच करेक्शन केलं आणि पुढे धुण्याची पद्धत सुधारली, तर कित्येक वर्षं मशीनकडे वळून बघावं लागत नाही. तुम्ही म्हणता रबिंग स्वस्त आहे. आठ वर्षांचा हिशोब मांडला तर नाही.

आता चंदेरी गाडी. तिच्यावरही जाळी होती, ती तुम्हाला दिसली नाही एवढंच. चंदेरी आणि पांढऱ्या रंगावरून इतका उजेड परत येतो की त्यात ओरखड्यांची बारीक चमक हरवून जाते. काळा रंग बहुतेक उजेड गिळतो, त्यामुळे प्रत्येक खाचेची कड अंधारातल्या रेघेसारखी उठून दिसते. तो फडका दोन्ही गाड्यांवर तेच काम करत होता.

ही जाळी गोलगोल दिसते म्हणून पुष्कळांना वाटतं की पुसणाऱ्यानं हात गोल फिरवला. तसं नाही. ओरखडे सगळ्या दिशांना, बहुतेक सरळच पडलेले असतात. पण दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांकडे तेच ओरखडे फेकतात जे त्या उजेडाच्या दिशेला आडवे असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती असे आडवे तुकडे निवडले गेले की वर्तुळं उमटतात. टॉर्च हलवून बघा, वर्तुळंही तिच्यामागे सरकतात. म्हणून 'सरळ रेषेत पुसा, मग जाळी पडणार नाही' हा सल्लाही अपुरा आहे. दिशेपेक्षा फडक्यात काय अडकलं आहे ते महत्त्वाचं.

अडकलेली असते धूळ. वाळूतलं क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मापनावर ७. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, म्हणजे क्रश सँडची आणि रस्त्याच्या खडीची धूळ घेतली तरी त्यातले फेल्डस्पार आणि पायरोक्सीन ६ च्या आसपास. क्लिअर कोट हे शेवटी एक कठीण केलेलं प्लास्टिक आहे, त्याचा या खनिजांपुढे टिकाव लागत नाही. सोसायटीत सकाळी एकच बादली, एकच फडका, आणि ओळीनं उभ्या गाड्या. पहिल्या गाडीची खालची माती चौथ्या गाडीच्या बॉनेटवर घासली जाते. यात पुसणाऱ्या दादांना दोष देऊ नका. महिन्याकाठी त्यांना आपण जे देतो त्यात याहून वेगळं काही होणं शक्य नाही. त्यांना सांगा की रोज काचा तेवढ्या पुसा, बाकी गाडीला हात लावू नका, आणि पैसे तेवढेच द्या. आठवड्यातून एकदा आधी पाण्याच्या जोरानं माती उतरवून, मग दोन बादल्यांनी, एकीत शॅम्पू आणि दुसरीत मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी, अशी गाडी धुतली तर निम्मं काम झालं. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका. त्याचे क्षाराचे डाग वेगळीच डोकेदुखी आहेत.

घरी मशीन वापरण्याबद्दल तुमचा राग सगळ्यांत जास्त आहे, म्हणून त्याबद्दल नेमकं लिहितो. मी लेखात ड्युअल अ‍ॅक्शन मशीन म्हटलं होतं, रोटरी नाही, आणि हा फरक मोठा आहे. रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती जबरदस्तीनं फिरतं. तुम्ही दाबलं, कडेवर नेलं, एका जागी थांबलात, तरी ते फिरतच राहतं आणि तापत राहतं. बंपरवर तर जास्तच जपावं लागतं, कारण खालचं प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, ती वरच्या रंगातच साठते. साध्या ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड डोलत डोलत फिरतं आणि फार दाब पडला की त्याचं फिरणं थांबतं. फिरणं थांबलं की घासणंही जवळपास थांबतं. नवशिक्याच्या हातून अपघात व्हायला तिथे फार कमी वाव राहतो. पॅड जिच्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवा, पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय ते लगेच कळतं.

तरी धोक्याच्या जागा आहेत. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा, फेंडरची टोकं. अशा धारेवर रंग पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. तिथे मास्किंग टेप लावायची आणि टेपच्या आतच काम करायचं, कडेलगतचे ओरखडे तसेच राहू द्यायचे. आधी पेंट झालेल्या पॅनलवर जपून. जाडी मोजणारं गेज चांगल्या डिटेलरकडे असतं, एकदा सगळी गाडी मोजून घ्या. पत्र्यावर २०० मायक्रॉनच्या पुढे आकडे आले तर तिथे पुन्हा पेंट झाला आहे असं समजा. मात्र हे गेज सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही, आणि साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. एक-दोन मायक्रॉनचा फरकही त्यावर खात्रीनं कळत नाही. किती घासलं हे पाहण्यापेक्षा कुठे घासू नये हे ठरवायला ते उपयोगी.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात. ते फार तर एखाद-दोन मायक्रॉनचं असतं. जाहिरातीतलं ९एच हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, मोहसचं नाही, त्यामुळे कोरड्या फडक्यातली धूळ त्यावरही ओरखडे पाडते. पाणी घसरतं, धुणं सोपं होतं, हे फायदे खरे आहेत. पण जाळीवर कोटिंग केलंत तर जाळी त्याखाली राहते आणि ती काढायला आधी कोटिंग घासून काढावं लागतं. ओरखड्यांपासून खरं संरक्षण हवं असेल तर ते १५० ते २०० मायक्रॉनच्या पारदर्शक पॉलीयुरेथेन फिल्मचं, म्हणजे पीपीएफचं काम, आणि त्याची किंमत ऐकूनच ठरवा.

आता किल्लीचा ओरखडा. तो मी काढून दाखवणार नाही, तुम्हीही काढायला जाऊ नका. त्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत असेल तर खाच इतकी खोल आहे की ती सपाट करायला धोक्याइतका क्लिअर कोट घालवावा लागेल. आत पांढरट किंवा राखाडी रंग दिसत असेल तर क्लिअर आणि रंग दोन्ही फाटून प्रायमर उघडा पडला आहे. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याच्या आत काहीतरी कराच, नाहीतर गंज धरेल. गाडीच्या स्टिकरवर, बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली, रंगाचा कोड असतो. त्या कोडचा टच-अप पेंट बारीक ब्रशनं फक्त खाचेत भरायचा, एका वेळी थोडा, मध्ये वाळू देऊन. ओरखडा नाहीसा होणार नाही, पण चार पावलांवरून दिसणार नाही आणि पत्रा सुरक्षित राहील. एवढ्यावर समाधान नसेल तर दार पेंट करणं हाच पर्याय. पण कारखान्यातला मूळ रंग एका ओरखड्यासाठी घालवू नका, असं मी आग्रहानं सांगेन.

तुमच्या गाडीसाठी माझा सल्ला असा. आधी गाडी धुऊन क्ले बारनं (रंगाला चिकटलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं) बॉनेट साफ करा, हाताला काच पुसल्यासारखं गुळगुळीत लागेपर्यंत. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा थंड असताना टेपनं दोन फुटांचा एक चौकोन आखा. सगळ्यांत मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश घ्या, वाटाण्याएवढे चार थेंब. हात इतका सावकाश चालवा की सेकंदाला एक इंचाच्या पुढे जाणार नाही, आधी उभ्या आणि मग आडव्या फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. मग अल्कोहोलच्या मिश्रणानं पुसून टॉर्च मारा. जाळी ७०-८० टक्के गेली असेल तर तिथेच थांबा, उरलेल्या खोल रेघांच्या मागे लागू नका. काहीच फरक नसेल तर कंपाउंड उचलण्याआधी टेपच्या आतला आणि बाहेरचा भाग एकाच फोटोत येईल असा उन्हातला फोटो इथे टाका, शिवाय गाडीचं मॉडेल आणि साल लिहा. काही कंपन्यांचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा दगडासारखा. पुढचं पॅड कुठलं घ्यायचं ते त्यावर सांगतो.