गुप्त हात आणि उघडी दफ्तरे

आमच्या शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या आठवड्यात एका चित्रफितीवरून कडाक्याचा वाद झाला. जगातील सरकारे, बँका आणि वर्तमानपत्रे फ्रीमेसन नावाची गुप्त संघटना चालवते आणि आपल्याकडचे बडे उद्योगपती व पुढारीही आतून तिचेच सभासद आहेत, असा त्या चित्रफितीचा दावा होता. मी त्या वादात उतरले आणि तेथे तुकड्या-तुकड्यांनी जे लिहिले ते येथे सलग मांडते आहे, कारण अशा गोष्टी पुढे पाठवणारी माणसे अडाणी नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, औषधांचे दुकानदार आहेत, तासगावकडचे द्राक्षबागायतदार आहेत. मोठी माणसे आपापसांत संगनमत करतात आणि भुर्दंड आपल्याला बसतो, हा त्यांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. मात्र त्यावरून ते ज्या निष्कर्षाला येतात तो मला पटत नाही आणि धोकादायकही वाटतो.

फ्रीमेसन ही संघटना खरी आहे. गवंड्यांच्या जुन्या मंडळींची चिन्हे आणि विधी घेऊन प्रतिष्ठित पुरुषांनी चालवलेला हा एक बंधुसंघ आहे. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉज, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखा, एकत्र आली आणि पहिले ग्रँड लॉज, म्हणजे त्यांची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाले, असे ती मानते. १७२३ मध्ये तिची नियमावली छापून प्रसिद्धही झाली. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर ती अठराव्या शतकातच कोलकाता, मद्रास आणि मुंबई येथे आली, पण हिंदी माणसाला तेथे सहजी प्रवेश नव्हता. मुंबईचे माणेकजी करसेटजी यांना आपल्याच शहरात घेतले नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि १८४३ मध्ये हिंदी सभासद घेणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघाले. पुढे १९६१ मध्ये भारताचे ग्रँड लॉज स्वतंत्र झाले. मुंबईच्या फोर्ट भागात आणि दिल्लीत जनपथावर त्यांच्या इमारती उभ्या आहेत.

त्या चित्रफितीतील यादीत मोतीलाल नेहरूंचे नाव ठळकपणे होते, आणि ते सभासद होते हे खरे आहे. परंतु १८८४ मध्ये कोलकात्यातील एका लॉजमध्ये दाखल झालेल्या नरेंद्रनाथ दत्त यांचे, म्हणजे पुढच्या स्वामी विवेकानंदांचे, नाव त्या यादीत कोठेच नव्हते. यादी करणाऱ्याने कोणाला आरोपी ठरवायचे ते आधी ठरवले आणि मग नावे निवडली, हे एवढ्यावरून कळते. केवळ सभासदत्व हा गुन्ह्याचा पुरावा असेल तर तो दोघांनाही लागू होईल, आणि तसा नसेल तर त्या यादीला काही अर्थच उरत नाही. या प्रश्नाला गटावर कोणी उत्तर दिले नाही. विषय लगेच, मेसनची खूण म्हणून दाखवल्या जाणाऱ्या डॉलरच्या नोटेवरील डोळ्याकडे गेला. तो डोळा अमेरिकेच्या राजमुद्रेचा भाग आहे. ही मुद्रा १७८२ मध्ये मंजूर झाली आणि एक डॉलरच्या नोटेवर १९३५ मध्ये आली. तिच्यासाठी नेमलेल्या पहिल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन हे मेसन होते, पण त्यांनी सुचवलेले चित्र स्वीकारलेच गेले नाही.

मेसन सैतानाची पूजा करतात, ही समजूत कोठून फोफावली ते तर अगदी तारखेनिशी सांगता येते. लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने १८८५ मध्ये आपण चर्चला शरण आलो असल्याचे जाहीर केले आणि मेसन लोकांच्या तथाकथित सैतानपूजेवर एकामागून एक पुस्तके लिहिली. त्यासाठी त्याने डायना व्हॉन नावाची एक बाई उभी केली. या बाईने म्हणे सैतानी पंथ सोडून धर्माचा आश्रय घेतला होता. लोक तिच्यासाठी प्रार्थना करू लागले, तिच्या नावाने आठवणी छापल्या गेल्या आणि धर्मगुरूंनी त्या खऱ्या मानल्या. मग १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये तिला लोकांसमोर आणण्याचे आश्वासन देऊन टॅक्सिलने सभा बोलावली आणि हे सारे आपणच रचले होते, असे भरसभेत सांगितले. ज्याने खोटे रचले त्यानेच ते कबूल केले, तरी अल्बर्ट पाईक या अमेरिकी मेसनच्या नावावर या प्रकरणातून चिकटलेले सैतानस्तुतीचे वाक्य आजही फिरते आहे. परवाच्या चित्रफितीतही ते मराठीत, गंभीर पार्श्वसंगीतासह होते.

तरीही शक्तिमान लोकांचे गुप्त कट नसतात, असे मी म्हणत नाही, आणि मेसन मंडळींच्या आडून तर एक मोठा कट झालेलाच आहे. इटलीत ‘प्रोपागांडा दुए’ किंवा पी-टू नावाचे एक लॉज लिचो जेल्ली हा माणूस चालवीत असे. १९७६ मध्ये मूळ संघटनेने त्याची मान्यता काढून घेतली, पण जेल्लीने ते चालूच ठेवले. १७ मार्च १९८१ रोजी एका बँकरच्या प्रकरणाचा तपास करताना पोलिसांनी जेल्लीच्या जागांची झडती घेतली, तेव्हा ९६२ नावांची यादी हाती लागली. तिच्यात मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख आणि वृत्तपत्रांचे मालक होते. पुढे पंतप्रधान झालेल्या सिल्व्हिओ बर्लुस्कोनींचेही नाव होते. यादी प्रसिद्ध झाल्यावर पंतप्रधान फोर्लानी यांचे सरकार पडले, गुप्त संघटनांवर बंदी घालणारा कायदा १९८२ मध्ये झाला आणि तीना आन्सेल्मी या महिला खासदारांच्या अध्यक्षतेखाली संसदीय चौकशी झाली. हे सगळे उघड झाले ते एका ठरावीक माणसाच्या ठरावीक जागेत सापडलेल्या कागदांवरून, आणि तपास करणारे पैशाच्या मागावर होते म्हणून. मेसनच्या गुप्त खुणा म्हणून फिरवली जाणारी हस्तांदोलनाची छायाचित्रे आणि कोटात घातलेले हात पाहून ते कोणीही शोधून काढलेले नाही.

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करते, त्यामुळे संगनमत कसे दिसते हे मला दफ्तरातून माहीत आहे. थकलेले कर्ज ३१ मार्चला पूर्ण वसूल झालेले दिसते आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्याच माणसाला, किंवा त्याच्या भावाला, तेवढ्याच रकमेचे नवे कर्ज मंजूर होते. आमच्याकडे याला नवे-जुने करणे म्हणतात. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वहीत, ठराव असतो, पण त्याची शाई मागच्यापुढच्या ठरावांपेक्षा वेगळी असते आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत तो दाटीने बसवलेला असतो. सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी एक जण हजेरीच्या पानावर त्या दिवशी गैरहजर असतो. खरा कट असा असतो: माणसे थोडी, हेतू एक, रक्कम ठरलेली. त्यात सामील असलेले एकमेकांवर पूर्ण विश्वास ठेवीत नाहीत, म्हणून तर कागद राहतात. लाखो सभासदांचे, तीनशे वर्षे चाललेले आणि एकाही किर्दीत न उमटलेले कारस्थान मला म्हणूनच पटत नाही.

आपल्या भागाला तर खरा कट आणि कटाचा आरोप यांतला फरक दोन्ही बाजूंनी माहीत असायला हवा. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधून इंग्रजांविरुद्ध कट करतात, असा आरोप कंपनी सरकारने ठेवला. महाराज उघड चौकशी मागत राहिले, ती त्यांना मिळाली नाही. गुन्हा कबूल करा म्हणजे गादी राहील, असे सांगण्यात आले. त्यांनी कबुली दिली नाही, आणि सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे कंपनीच्या दारात याच कागदांवर भांडत राहिले. पुढे १८५७ मध्ये त्यांनी खरोखरच उठावाची तयारी केली. ती फुटली आणि साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. अदृश्य कारस्थानाचा आरोप हे सत्ताधाऱ्यांच्याही हातातले शस्त्र असते, आणि पुरावा दाखवायची गरज त्यांना सगळ्यांत कमी वाटते, हे प्रतापसिंहांच्या प्रकरणातून दिसते.

युरोपात याचा शेवट फार भयंकर झाला. ज्यू आणि मेसन मिळून जग ताब्यात घेत आहेत, असे सांगणारा एक बनावट दस्तऐवज १९०३ मध्ये रशियात छापला गेला. तो दुसऱ्याच पुस्तकातून उचललेला असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये उतारे शेजारी-शेजारी छापून दाखवले, तरी नाझींनी तो वापरलाच, लॉज बंद केली, आणि ज्यूंचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोने १९४० मध्ये मेसन असणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा केला. म्हणून ‘करमणूक म्हणून पाठवले, एवढे काय मनावर घेतेस’ हे उत्तर मी स्वीकारत नाही.

या संघटनेवर टीका करायला जागा आहे. बहुतेक लॉज बायकांना घेत नाहीत, आणि न्यायाधीश किंवा पोलीस अधिकारी एखाद्या बंद बंधुसंघाचे सभासद असतील तर ते जाहीर व्हावे, ही मागणी मला रास्त वाटते. पण ती मागणी नाव, पद आणि नियम यांच्या भाषेत करता येते.

वादाच्या शेवटी ज्या मित्राने चित्रफीत पाठवली होती त्याने मला विचारले, ‘मग माझ्या वडिलांची ठेव बुडवली कोणी, तेवढे सांग.’ हा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारला असता तर बरे झाले असते, कारण त्याला उत्तर आहे. ज्या पतसंस्थेत ती ठेव होती तिचे त्याचे वडील सभासद आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नुसार सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, संचालकांची यादी, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. कलम ८३ खाली चौकशी होते, आणि नुकसानीची जबाबदारी कलम ८८ खाली संचालकांवर नावानिशी व रकमेनिशी निश्चित करता येते. अर्जाचा मसुदा मी त्याला पाठवला आहे. इतर कोणाला हवा असल्यास मागावा. सोबत ठेवपावती आणि सभासद क्रमांक जवळ ठेवावा, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.