रांग छोटी दिसते, कारण माणसं कंटाळून निघून जातात
रांगांच्या गणितावरचा तुमचा लेख आवडला, एर्लांग या डॅनिश गणितज्ञाचं १९०९ चं कोपनहेगनच्या टेलिफोनवालं काम, म्हणजे फोन किती येतात आणि किती थांबावं लागतं याचा हिशोब, मस्त सोपं करून सांगितलंय. पण त्याच्या गणितात मशीन कधी बंद पडत नाही आणि गिऱ्हाईक कधी वैतागत नाही, खरी गंमत तिथेच आहे ना राव!

आमच्या बँकेतलं पासबुक छापायचं मशीन घ्या. एकाला २ मिनिटं, म्हणजे तासाला ३० जण, आणि लोक येतात समजा २८, कागदावर सगळं ओके. पण कागद अडकून तासातली १० मिनिटं ते बंदच असतं, मग क्षमता उरली २५, आता थियरीप्रमाणे रांग वाढत वाढत पार रस्त्यावर जायला हवी. जात नाही, कारण तासाला निदान तिघं तरी कंटाळून घरी जातात, काही तर दारातूनच रांग बघून परत फिरतात. परवा माझ्यापुढचे आजोबा पासबुक पिशवीत कोंबून "उद्या बघू" म्हणत निघाले, आणि मॅनेजर म्हणतो, "बघा, गर्दीच नाही!" अहो, निघून गेलेले मोजा की आधी.