अर्धा भरलेला कप

गेले दोन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याच्या दारूवरून खल चालला आहे. त्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला पाठवावं, जिथे पिणारेच एकमेकांना दारू सोडायला मदत करतात, असं ताईने भीत भीत सुचवलं आणि भाऊजींनी एका ओळीत विषय मिटवला. ‘मनाचा निग्रह असला की दारू सुटते, परक्यांपुढे घरची लक्तरं टांगायची गरज नाही.’ खाली सतरा अंगठे.

त्या ‘निग्रह’ शब्दाने माझं डोकं फिरतं. दारुड्याकडे निग्रह नसतो असं कुणी सांगितलं? रोज वेळेवर ऑफिसला जाणं, तोंडाचा वास लपवणं, बाटल्यांच्या जागा बदलत राहणं, आणि हे सगळं अकरा वर्षं बायकोला कळू न देता रेटणं. याला किती निग्रह लागतो ते मला विचारा. मी तेच केलं आहे.

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातल्या एका हॉटेलात बिल विल्सन नावाचा माणूस उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, शेजारच्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. त्याने निग्रह केला नाही. त्याने फोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत, बोलायला दुसरा दारुडा मिळतो का ते शोधलं. मिळाला तो बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटं देतो म्हणाला होता, तास न् तास बसला. या दोघांच्या बोलण्यातून पुढे एए उभं राहिलं. डॉक्टरलासुद्धा एकट्याने जमलं नव्हतं, भाऊजी.

इथे परदेशात माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या आत रोज कुठे ना कुठे मीटिंग असते. ॲप उघडायचं, वार आणि वेळ बघायची. ओपन असेल तर घरचेही येऊ शकतात, क्लोज्ड असेल तर फक्त आपण. फी नाही, हजेरी नाही. एएची तिसरी परंपरा, म्हणजे तिसरा नियम, एकच अट घालते, दारू सोडायची इच्छा हवी. तिथे घेतलं जाणारं देवाचं नाव खुपत असेल, तर स्मार्ट रिकव्हरीसारखे दुसरे गटही आहेत.

तरी पहिल्या दिवशी मी पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसलो होतो. शेवटी चर्चच्या तळघरात उतरलो. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर एएच्या, दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. एका म्हाताऱ्याने कॉफी दिली, कप अर्धाच भरलेला. कंजूष दिसतो, असं वाटलं. मग कप हातात घेतला आणि कळलं. माझे हात थरथरत होते, आणि ते त्याने माझ्या आधी पाहिलं होतं. भरलेला कप सांडला असता. निग्रहाच्या गोष्टी करणाऱ्या सतरा जणांपैकी कुणी असा कप भरून देईल?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं. शेवटी ‘तिकडे भारतात आहे का असं काही?’ असंही लिहिलं. पाठवण्याआधी म्हटलं, एकदा बघून घ्यावं. भारतात एए १९५७ पासून आहे. मराठीतून मीटिंगा होतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे. माझे वडील पिऊन पिऊन गेले, तेव्हाही हे सगळं तिकडे होतं.

मी मेसेज पुसला.

मी त्या तळघरात उतरलो ते धाडस नव्हतं. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, एवढंच. तिकडे असतो तर दारात कुणाचा तरी मेव्हणा भेटेल या भीतीने रस्त्यावरूनच परतलो असतो आणि भाऊजींच्या मेसेजला अठरावा अंगठा दिला असता. सहा वर्षं मी इंग्रजीत ‘आय ॲम ॲन अल्कोहोलिक’ म्हणतो आहे, ते सहज तोंडातून निघतं. ‘दारुडा’ हा शब्द मात्र आई माझ्या वडिलांना उद्देशून म्हणायची. तो स्वतःला लावून मोठ्याने म्हणायला मला अजून जमलेलं नाही. आज फक्त लिहिला आहे. छापील मजकुरात नाव द्यायचं नाही, ही एएची अकरावी परंपरा, म्हणून खाली नाव नाही. पण घरचे ओळखतील. ओळखू देत.

भाऊजींना एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने निग्रहाने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि मीटिंगने काय होतं म्हणाल, तर २०२० साली वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यात दहा हजारांवर माणसं होती. एएच्या वाटेला लावणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्यात इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. ताईने स्वतःसाठी अल-अनॉन शोधावं. ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

‘मामा, पहिल्या दिवशी बोलावंच लागतं का?’

‘नाही. मी तीन आठवडे नुसता बसून होतो.’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

‘तुम्ही?’