‘पगार आम्ही देतो, मग आजारही आम्हाला कळलाच पाहिजे’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

नोकरदारांच्या वर्तुळात वारंवार पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा : आजारपणाची रजा भरपगारी असते, म्हणून नेमका आजार कोणता हे जाणून घेण्याचा मालकाला हक्क आहे, जो सांगत नाही तो खोटे बोलतो, संसर्गाची भीती असल्याने आजाराचे नाव सांगणे हे सहकाऱ्यांप्रति कर्तव्य आहे, आणि शंका आल्यास साहेबांनी थेट डॉक्टरांना फोन करण्यात गैर काही नाही. खोट्या रजांनी बेजार झालेल्या एखाद्या सुपरवायझरने तो लिहिला असावा. त्याचा त्रागा समजण्यासारखा आहे, पण त्यातून त्याने काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

पहिला मुद्दा पगाराचा. रजा मंजूर करणाऱ्याला माणूस आज काम करू शकतो का, साधारण किती दिवस येणार नाही आणि त्याच्या हातातले काम कोणाकडे द्यायचे, एवढेच कळावे लागते. पोटाचा विकार आहे की मनाचा, यावर यातले एकही उत्तर अवलंबून नसते. नेदरलँड्समध्ये हाच भेद नियमात उतरला आहे. तेथे मालक आजारपणाचा अंदाजे कालावधी आणि अर्धवट राहिलेली कामे विचारू शकतो, आजाराचे स्वरूप किंवा कारण विचारू शकत नाही. ते कंपनीसाठी नेमलेल्या वैद्याकडेच राहते आणि तो मालकाला फक्त कोणते काम झेपेल, कोणते झेपणार नाही, हे कळवतो.

सहज केलेल्या चौकशीचे पुढे काय होऊ शकते, याचे उदाहरण जर्मनीत घडले. न्यूरेंबर्ग येथील ‘एच अँड एम’ या कपड्यांच्या कंपनीच्या सेवाकेंद्रात रजेवरून परतलेल्या माणसाशी टीमचा प्रमुख स्वागताच्या गप्पा मारत असे, आणि त्यात निघालेली लक्षणे व निदाने नोंदवून ठेवली जात. त्या नोंदी पन्नासपर्यंत व्यवस्थापकांना वाचता येत होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये संगणकाच्या मांडणीतील चुकीमुळे त्या काही तास संपूर्ण कंपनीला दिसू लागल्या, तेव्हा प्रकरण बाहेर आले आणि २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड झाला. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण आपुलकीनेच विचारतो आहोत असे वाटत असणार.

न सांगणे म्हणजे खोटे बोलणे, हा दुसरा मुद्दा तर शब्दांचाच घोळ आहे. ‘प्रकृती बरी नसल्याने आज येऊ शकत नाही, दोन दिवस लागतील असे डॉक्टर म्हणतात, बिलांची फाइल टेबलावर डावीकडे आहे’ या निरोपात एकही असत्य नाही. उलट आजाराचे नाव सांगण्याची सक्ती केली की मूळव्याध, गर्भपात किंवा नैराश्य यांच्या जागी ‘ताप आहे’ असे लिहिले जाते. म्हणजे खोटे बोलायला ही सक्तीच शिकवते. शिवाय प्रमाणपत्रावर निदान नसले तरी डॉक्टरांचे लेटरहेड बोलतेच : वर ‘मानसोपचारतज्ज्ञ’ छापलेले असले की खालचा मजकूर वाचायची गरजही उरत नाही. जर्मनीत जानेवारी २०२३ पासून मालक आजारपणाच्या रजेची नोंद आरोग्य विमा संस्थेकडून संगणकावर मागवतो आणि तिच्यात डॉक्टरांचे नावही नसते.

संसर्गाच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. कोविडच्या काळात अमेरिकेतील समान रोजगार संधी आयोगाने आजारी असल्याचे कळवणाऱ्याला त्या रोगाची लक्षणे विचारण्याची मुभा दिली होती. मात्र मिळालेली माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधनही कायम ठेवले. ‘तुमचा एका बाधित व्यक्तीशी संपर्क आला असण्याची शक्यता आहे’ एवढे सहकाऱ्यांना सांगून भागते, नाव ग्रुपवर टाकावे लागत नाही. आणि कंबरदुखीने घरी पडलेल्या माणसाला हा नियम का लावावा?

याच वादात दुसऱ्या बाजूने फेकला जाणारा ‘मालकाने काही विचारणे म्हणजे हिपा कायद्याचा भंग’ हा दावाही तितकाच चुकीचा आहे. अमेरिकेचा १९९६ चा हा कायदा रुग्णांची माहिती गोपनीय ठेवण्यासाठी रुग्णालये, डॉक्टर आणि विमा कंपन्या यांना बांधतो. रजा देणाऱ्या मालकाला त्या नात्याने तो लागू होत नाही. ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंत स्वतःचे निवेदन पुरते, पण त्यापुढे लागणाऱ्या दाखल्यावर आजार लिहिलेला असतो. म्हणजे सर्वत्र पूर्ण मौनाचा हक्क आहे, असेही नाही.

राहिला फोन. गंभीर आजारासाठीच्या रजेचा अमेरिकेतील १९९३ चा कायदा मालकाला प्रमाणपत्र मागू देतो, ते खरे आहे का हे तपासूही देतो. पण डॉक्टरांशी बोलायचे ते मनुष्यबळ विभागाने, रजा व्यवस्थापकाने, व्यवस्थापनातील अधिकाऱ्याने किंवा मालकाच्या बाजूच्या वैद्यकीय व्यक्तीने, आणि तेही प्रमाणपत्रातील त्रुटी दूर करण्याची संधी कर्मचाऱ्याला दिल्यानंतर. कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाने तो फोन कोणत्याही परिस्थितीत करू नये, असे त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे.