कोपराला गूळ लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

खुर्ची मिळाली, दालन मिळालं, दारावर नावाची पाटीही लागली. अभिनंदन! आता एक दिवस दार ढकलून सात-आठ पोरंपोरी आत येतील. हातात निवेदन असेल. निवेदनाची दुसरी प्रतही असेल आणि तिच्यावर ती तुमच्याकडून सही-शिक्क्यासकट पोच मागतील. मागण्या ऐकायला साध्या असतात : सार्वजनिक इमारतींच्या छपरांवर सौर पॅनल बसवा, बस विजेवर चालवा आणि ही कामं करायला इथल्याच तरुणांना शिकवून नोकरी द्या.

घाबरू नका. विरोध तर चुकूनही करू नका. विरोध केला की बातमी होते आणि बातमी झाली की सातांचे सातशे होतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर १५ वर्षांची ग्रेटा थनबर्ग एकटी पाटी घेऊन बसली होती. पहिल्याच दिवशी कुणी तिला आत बोलावून 'हवामानदूत' नेमलं असतं, ओळखपत्र गळ्यात घातलं असतं, तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जगभर लाखो मुलं रस्त्यावर उतरली नसती. पद फुकट असतं हो. द्यायला हात आखडू नये.

तेव्हा पहिलं शस्त्र कौतुक. "तुम्हीच आमचं भविष्य आहात" हे वाक्य पाठ करून ठेवा. एकदा समोरच्याला भविष्य ठरवलं, की चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याचा हिस्सा उरत नाही. पोरांना माइक द्या, व्यासपीठ द्या, पुढच्या रांगेत बसून त्यांचं भाषण गंभीर चेहऱ्याने ऐका, जमल्यास डोळे पाणावू द्या. १९९२ मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत सेव्हर्न सुझुकी नावाच्या १२ वर्षांच्या मुलीने जगभरच्या प्रतिनिधींना खडे बोल सुनावले. कौतुकाला सीमा नव्हती. त्या वर्षी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३५६ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२४ झाले. सांगायचा मुद्दा, टाळ्यांनी आजवर कुणाचंही नुकसान झालेलं नाही. मनसोक्त वाजवा.

कौतुक पुरलं नाही तर स्पर्धा घ्या. चित्रकला, निबंध, घोषवाक्य, काहीही. करंडकाला एका पॅनलइतकाही खर्च येत नाही, आणि महिनाभर पोरं पृथ्वी रंगवण्यात गुंततात. स्पर्धेचा फलक प्लास्टिकच्या कापडावर छापा, भरपूर मोठा. त्यावर तुमचा फोटो पृथ्वीपेक्षा लहान नसावा.

एखादं पोरगं तरीही अडून बसलंच, तर त्याच्या खिशाकडे बोट दाखवा. "मोबाईल वापरतोस ना? घरी पंखा लागतो ना? मग?" या 'मग'पुढे काही बोलायची गरज नसते. कोळशाऐवजी सूर्यापासून वीज करा एवढंच ते म्हणत होतं, वीज बंद करा असं नव्हे, हा फरक त्याच्या लक्षात येईपर्यंत तुमची पुढची भेटीची वेळ झालेली असते. मुलगी असेल तर "आधी शिक्षण पूर्ण कर बाळा" म्हणा. शिक्षण पूर्ण करून ती वातावरणशास्त्रज्ञ होऊन आली, तर म्हणा, शास्त्रज्ञांना जमिनीवरची परिस्थिती कळत नाही. कोळसा जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्याने पृथ्वी तापते, हा हिशेब स्वांते अऱ्हेनियसने १८९६ मध्येच मांडला होता. म्हणजे शास्त्रज्ञांना आपण सव्वाशे वर्षं यशस्वीपणे थोपवून धरलंय. या पोरांचं काय एवढं!

टोलवाटोलवीचं तंत्र तुम्हाला मी काय शिकवणार? फक्त दिशा लक्षात ठेवा. सभागृहात असाल तर हवामान हा जागतिक प्रश्न आहे, आपल्या हातात काय आहे? जागतिक परिषदेला गेलात तर खरी अंमलबजावणी स्थानिक पातळीवरच व्हायला हवी. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकाच आठवड्यात म्हणू नयेत, इतकंच.

ठराव मात्र जरूर करा. ऑस्ट्रेलियातल्या डॅरेबिन नगर परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात हवामान आणीबाणी जाहीर केली, आणि तिच्यामागून जगभरातल्या दोन हजारांहून अधिक शासनसंस्थांनी. आणीबाणी जाहीर करायला एक बैठक पुरते, पैसा लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीच्या वेळी कामावर येऊ शकतात. डॅरेबिनवाल्यांनी पुढे त्यासाठी आराखडाही तयार केला. तो भाग तुम्ही वाचू नका.

इथवर सगळं बाळबोध आहे. पोरं ध्रुवावरच्या अस्वलांबद्दल बोलतायत तोवर निश्चिंत राहा. अस्वलाला मत नसतं. ती रोजगाराबद्दल बोलायला लागली, की कान टवकारा. कारण मग त्यांच्यामागे त्यांचे बेकार भाऊ येतात, भावांमागे आईबाप येतात, आणि आईबापांना मत असतं. शिवाय आकडे त्यांच्या बाजूने आहेत. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगात अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रात १ कोटी ६२ लाख लोक काम करत होते, त्यातले ७० लाखांवर एकट्या सौर विजेत. यावर लगेच म्हणा, "त्यातल्या जवळजवळ निम्म्या नोकऱ्या तर चीनमध्ये आहेत." हे खरंच आहे. पॅनल तिथे बनतात. पण छप्पर इथे आहे, आणि त्यावर चढायला माणूस बोटीने मागवता येत नाही, हे मात्र आपणहून सांगू नका. अर्धं खरं हे आपल्या व्यवसायातलं सर्वात टिकाऊ भांडवल आहे. जपून खर्च करा.

नोकऱ्यांची मागणी फारच तापली, तर प्रशिक्षण वर्ग काढा. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात आणि खरोखरचं प्रशिक्षण देऊन बसतात.

छपरावर सौर पॅनल बसवणाऱ्याला काय काय यावं लागतं, बघा. छप्पर किती भार पेलेल हे तपासायचं. दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली कुठवर सरकते ते पाहायचं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज कोपऱ्यापेक्षा बरीच जास्त घटते. सांगाडा असा आवळायचा की वादळात त्याचं पाखरू होऊ नये, आणि त्यासाठी पाडलेली भोकं अशी बुजवायची की पावसाळ्यात खालच्या खोलीत गळती लागू नये. मग वायरिंग. दोन वायरी जोडणारा कनेक्टर असतो अंगठ्याएवढा. त्यातली धातूची पिन योग्य पकडीने दाबून घट्ट बसवावी लागते. साध्या पक्कडीने दाबून वेळ मारून नेली तर सांधा सैल राहतो, तापतो, वितळतो, आणि तिथे ठिणगी पेटली की ती घरातल्या विजेसारखी सहज विझत नाही, कारण हा एकदिश प्रवाह असतो, त्याला मध्येच शून्यावर येण्याची सवय नसते. आणि ऊन आहे तोवर पॅनल वीज करतच राहतं. सूर्याला बटण नाही. म्हणून हे काम हाताने करून, चुकून, कुणा जाणत्याच्या नजरेखाली पुन्हा करूनच येतं. त्यासाठी सुरक्षापट्टा लागतो, हत्यारं लागतात, मोजमापाची यंत्रं लागतात आणि सरावासाठी एक खरं छप्पर लागतं.

यातलं काहीही देऊ नका. सभागृह घ्या, पडदा लावा, तीन दिवस चित्रफिती दाखवा. छपराचं चित्र असलं की पुरे. शेवटच्या दिवशी जाड कागदावर छापलेलं प्रमाणपत्र द्या; त्यावरची तुमची सही मजकुरापेक्षा ठळक हवी. मग निविदा काढताना अनुभवाची अट घाला. ही पोरं अर्थातच अपात्र ठरतात. मग तुम्ही खेदाने म्हणू शकता, "आम्ही संधी दिली हो, पण कुशल मनुष्यबळच मिळत नाही." काम बाहेरच्या ठेकेदाराला जातं, तो बाहेरची माणसं आणतो, आणि पुढच्या वर्षी नव्या प्रशिक्षण वर्गासाठी तरतूद करायला तुमच्याकडे सबळ कारण असतं. (हा सल्ला मी विनामूल्य देतोय, याची नोंद घ्यावी.)

एखादा चुणचुणीत पोरगा विचारेलच : पॅनल बसवून झाले की पुढे काय? देखभालीचं कायमचं काम कुणाला? पगार किती, विमा आहे का, उंचावरून पडलो तर कोण बघणार? हे प्रश्न अस्वलांपेक्षा कितीतरी अवघड आहेत. उत्तर एकच, छातीवर हात ठेवून द्यायचं : "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा."

आणखी एक पथ्य. ही पोरं आणि कोळशाच्या खाणीतले, वीज केंद्रातले कामगार एका टेबलाशी बसता कामा नयेत. कामगारांना सांगा, ही पोरं तुमची चूल विझवायला निघालीत. पोरांना सांगा, कामगार संघटना आडव्या येतात, नाहीतर मी उद्याच सही केली असती. स्पेनमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात नको ते घडलं : सरकार, खाणमालक आणि कामगार संघटना यांनी बसून करार केला. बहुतेक कोळसा खाणी बंद करायच्या, वय झालेल्यांना मुदतपूर्व निवृत्ती, बाकीच्यांना नवं काम शिकवायचं, उकरलेली जमीन पूर्ववत करायची, आणि त्या भागांसाठी २५ कोटी युरो. खाणीही गेल्या आणि भांडणही गेलं. भांडणच गेलं तर आपण मध्यस्थी कशात करणार?

उद्दिष्टाचं वर्ष निवडताना मात्र दिलदार व्हा. २०५० छान आहे. गोल आकडा आहे, आणि तोवर जाब विचारायला कुणी आलं तर तुम्ही दालनात नसाल. पण मधल्या वर्षांबद्दल अगदीच मोघम लिहू नका. जर्मनीने २०३० पुढचं असंच मोघम ठेवलं, तर तरुण मंडळी न्यायालयात गेली. २०२१ मध्ये घटना न्यायालय म्हणालं, आजचं ओझं तुम्ही पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर टाकताय. आणि सरकारला २०५० चं २०४५ करावं लागलं. पाच वर्षं हकनाक गेली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने तर याहून उतावीळपणा केला. प्रकल्पांना परवानगी देताना हरितगृह वायूंचा विचारच करायचा नाही, असा चक्क कायदा केला. अहो, विचार न करण्यासाठी कायदा कशाला लागतो? ते आपण एरवीही करतोच. झालं असं, की १६ मुलं-तरुण कोर्टात गेले. २०२० मध्ये दावा दाखल झाला तेव्हा त्यातलं सगळ्यात धाकटं दोन वर्षांचं होतं. त्या राज्याच्या घटनेत स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला निघाला. २०२३ मध्ये मुलं जिंकली, २०२४ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये वर्गात बसून जी कल्पना काढली, ती २०२५ च्या जुलैमध्ये थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत बनून बाहेर पडली : हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. तेव्हा शिष्टमंडळ आत घेण्यापूर्वी शिपायाकरवी चौकशी करा, कायदा शिकणारं कुणी आहे का.

एरवी काळ आपल्या बाजूने असतो. युवा समिती नेमा, मुदत एक वर्ष. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवा. पोरं आली नाहीत तर त्यांना गांभीर्य नाही; आली तर वर्ग बुडवून का आलात, असं दरडावून विचारा. वर्ष संपलं की कुणी परीक्षेत अडकतं, कुणी नोकरीच्या शोधात दूर जातं, आणि नवी समिती पुन्हा "हवामान बदल म्हणजे काय" इथून सुरू करते. ओरडणाऱ्याची भीती बाळगू नका. घसा बसतो. भीती बाळगायची ती कोपऱ्यात गप्प बसलेल्या त्या मुलीची, जिच्या पिशवीत मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं आहेत, अंदाजपत्रकातल्या अखर्चित रकमेवर पेन्सिलची खूण आहे, आणि जिने येताना एका वायरमनला आणि एका निवृत्त कामगाराला सोबत आणलंय. ती "का नाही" असं विचारत नाही. "कुठल्या तारखेला" असं विचारते.

अशी गाठ पडलीच तर हट्ट करू नका. पॅनल बसवून टाका, पोरांना छपरावर चढून शिकू द्या, पगारपत्रकावर त्यांची नावं येऊ द्या. आणि उद्घाटनाला सांगा, की हे माझं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. फीत अर्थातच तुम्ही कापायची. ताटली धरायला मात्र त्या मुलीला उभं करा, फोटोत बरं दिसतं. फोटो काढून होताच तिथून निघा, कारण तिच्या दुसऱ्या हातात पुढचं निवेदन असणार. दोन प्रतींत.