एकलव्याचा अंगठा आणि माझी तीन बोटं

गुरुपौर्णिमेच्या सकाळी सात वाजता आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पडला. दर वर्षी पडतो. यंदा खाली कुणीतरी माझा फोटोही डकवला होता. नेरूळच्या मैदानावर दोरी ताणून उभी असलेली मी, आणि वर ओळ: ‘पुरावा आपल्याच बिल्डिंगमध्ये!’

मेसेज थोडक्यात असा. अंगठा दिल्यावर एकलव्याने दोन बोटांनी बाण सोडायची नवी पद्धत शोधली, तीच आजची धनुर्विद्या. जगात आता कुणीच अंगठा लावत नाही, कारण अंगठ्याने नेम चुकतो हे विज्ञानाने सिद्ध केलंय. तेव्हा द्रोणाचार्यांनी अंगठा मागून शिष्यावर उपकारच केले. शेवटी जोडलेले हात, सहा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना लिफ्टमध्ये म्हटलं, “काका, ते खरं नाहीये हो.”

“अगं, पण तू अंगठा लावत नाहीस ना?”

“नाही लावत.”

“मग झालं तर!”

तेवढ्यात तळमजला आला. म्हणून राहिलेलं इथे.

‘जगात कुणीच अंगठा लावत नाही’ हे कोरियात जाऊन म्हणून दाखवावं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीची पाचच्या पाच सुवर्णपदकं कोरियाने नेली, बोटांनी दोरी ओढून. पण त्याच देशात १४५ मीटरवरच्या लक्ष्यावर बाण मारणारी जुनी तिरंदाजी आजही चालते, आणि तिथे दोरी अंगठ्याने ओढतात. क्यूदो या जपानी तिरंदाजीत त्यासाठी अंगठा कडक केलेला चामड्याचा हातमोजा असतो. मंगोलियात, तुर्कस्तानात अंगठाच. फार लांब कशाला, मुघल बादशहांच्या अंगठ्यात घालायच्या जेडच्या, रत्न जडवलेल्या अंगठ्या संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. एका बाजूला जिभेसारखा पुढे आलेला तो भाग मुळात दोरी अडकवायला. आपला ‘अंगठी’ हा शब्दही अंगठ्यावरूनच आलाय, हे जाता जाता.

‘पद्धत एकलव्याने शोधली’ याला मात्र फार वेळ द्यायची गरज नाही. १८८५ मध्ये एडवर्ड मोर्स या अमेरिकन अभ्यासकाने जगभरच्या दोरी धरण्याच्या तऱ्हा गोळा करून त्यांची वर्गवारी केली. बोटांच्या या पकडीला त्याने ‘भूमध्य’ म्हटलं, अंगठ्याच्या पकडीला ‘मंगोलियन’, आणि ही नावं अजून चालतात. युरोपातले लांब धनुष्यवाले बोटांनीच ओढायचे. पुढे इंग्रजांनी त्याचा खेळ केला, १७८१ मध्ये लंडनला मंडळ निघालं, १९०० मध्ये तो ऑलिम्पिकमध्ये गेला. आपल्याकडे राष्ट्रीय संघटना झाली १९७३ ला आणि तिरंदाज ऑलिम्पिकला पोचले १९८८ ला, सोलमध्ये. या वाटेवर हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य कुठेच भेटत नाही.

आता विज्ञान. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या घडीत बसवायची. तर्जनी बाणाच्या वर, मधलं बोट आणि अनामिका खाली. म्हणजे दोन नव्हे, तीन बोटं. फोटो मोठा करून बघितला असता तरी दिसलं असतं. सगळ्यात जास्त ओझं मधल्या बोटावर येतं, माझ्या त्या बोटाला घट्टा पडलाय. बोटं आणि दोरीच्या मधे चामड्याचा तुकडा, म्हणजे टॅब. आत्ता पावसात नवी मुंबईच्या दमट हवेत तो बॅगेत राहिला की बुरशी धरतो, आणि ओलसर टॅबवरून दोरी सरकन न सुटता चिकटत सुटते. लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात जाणारा बाण बाहेरच्या निळ्यात जातो. इतकी नाजूक गोष्ट आहे ही.

अंगठ्याची पकड वेगळी. अंगठा दोरीभोवती आकड्यासारखा वळवायचा आणि तर्जनीने वरून दाबून कुलूप लावायचं. उजव्या हाताने असं ओढलं की हाताचा पीळ उलटा बसतो, म्हणून बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवावा लागतो. माझ्या रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, बाणाची जागा डावीकडे आहे. तिथे बाण ठेवून अंगठ्याने ओढलं, तर तो जागेवरून सुटून बाहेर पडू बघणार. त्यात अंगठ्याचा काय दोष? शिवाय माझं धनुष्य ६८ इंचांचं, तीन बोटं आरामात मावतात. घोड्यावरून चालवायचं आखूड धनुष्य पूर्ण ताणलं की दोरीचा कोन इतका अरुंद होतो की तीन बोटं चिमटतात. तिथे अंगठाच बरा. नेम चुकतो तो चुकीच्या जोडीमुळे.

पण मला खरा राग आहे तो ‘उपकारा’चा. आदिपर्वात हा प्रसंग संपताना व्यास सरळ सांगतात:

ततः परं तु नैषादिरङ्गुलीभिर्व्यकर्षत ।
न तथा स तु शीघ्रोऽभूद्यथा पूर्वं नराधिप ॥

त्यानंतर तो निषादपुत्र बोटांनी ओढू लागला, पण राजा, पूर्वीइतका चपळ राहिला नाही. बोटं आहेत, मान्य. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धाच श्लोक कुठूनतरी ऐकला असावा. गेलं काय, ते दुसऱ्या अर्ध्यात आहे. आणि लगेच पुढे अर्जुनाचं वर्णन येतं: मन प्रसन्न झालं, ‘विगतज्वर’ झाला. एकलव्याला आणखी सरस विद्या मिळाली असती, तर अर्जुनाचा ताप उतरला कशाला असता? चढला असता. द्रोणांनी नेमका उजवा अंगठा मागितला, कारण त्याच्या वेगाची सारी भिस्त त्याच्यावर होती. त्या पोराकडून जे हिसकावलं, ते बक्षीस म्हणून दाखवायचं आणि खाली हात जोडायचे, हे मला जमत नाही.

भिलांमध्ये एकलव्याच्या मानासाठी अंगठा न लावता बाण सोडतात असं सांगितलं जातं. ती त्यांची आठवण आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. त्या आठवणीत अंगठा कापल्याचं दुःख आहे, उपकार नाहीत.

संध्याकाळी काकांनी मला ग्रुपवरच विचारलं, “मग आपली साताऱ्याची अदिती स्वामी? जगज्जेती झाली, तिने तरी बोटंच लावली ना?” नाही हो काका. २०२३ मध्ये बर्लिनला ती जिंकली टोकांना चाकं असलेल्या कंपाउंड धनुष्यावर, आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही. कंपाउंडच्या दोरीला ना बोट लागतं ना अंगठा. दोरीवरच्या छोट्या फासात ‘रिलीज’ नावाचं हातात धरायचं यंत्र अडकवतात, आणि त्याच्या बऱ्याच प्रकारांत बाण सुटतो तो अंगठ्याने खटका दाबल्यावर.